बाईंनी दिलेला खालचा सूर

अमृतमहोत्सवाचं निमंत्रण आलं आणि शाळेवर लिहायला बसलो. पण लेखणी फिरून फिरून गायनाच्या वर्गाशीच येते. नुसतं 'बाई' म्हटलं की कोण, हे आपल्या शाळेत कुणाला सांगावं लागत नाही, म्हणून नाव लिहीत नाही.

आठवीत माझा आवाज फुटला. तोवर प्रार्थनेला मी पुढे उभा असायचो. स्नेहसंमेलनाच्या तालमीत वरचा सा लावताना आवाज चिरकला, वर्ग हसला आणि मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. वडील भजनात पखवाज वाजवायचे. ते म्हणाले, "आता वरसभर गप रव."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला थांबवून घेतलं. पेटीवर सा दाबला, तो न सोडता ग, मग प. तिन्ही सूर एकदम वाजत राहिले. मग सा वरचं बोट उचललं. उरलेले दोन अधांतरी वाटायला लागले. "कळलं? हा खालचा तू धरायचास."

मग कपाटातून फिएस्टा, म्हणजे तबकड्या वाजवायचं यंत्र, निघालं आणि त्यावर 'द सीकर्स' या ऑस्ट्रेलियन गायक-चौकडीची तबकडी लागली. बाईंनी कॉलेजात असताना त्यांना रेडिओ सिलोनवर ऐकलं होतं. त्यातला कीथ पॉटगर तर जन्मानं कोलंबोचाच, याचं त्यांना भारी कौतुक. १९६२ साली मेलबर्नमध्ये जमलेली ही चौघं. ज्युडिथ डरहॅम आणि अॅथॉल गाय एकाच जाहिरात कंपनीत नोकरीला होते. तो तिला कॉफीहाउसमध्ये गायला घेऊन गेला. १९६४ मध्ये बोटीवर उतारूंना गाणी ऐकवत चौघं लंडनला पोचली. राहायचं होतं दहा आठवडे. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांचं गाणं इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर होतं! आमच्याकडे बोटीत बसायचं ते मुंबईला नोकरी शोधायला. गात गात विलायत गाठता येते, हे आम्हाला नवीन होतं. १९६७ मध्ये मेलबर्नला परतल्यावर त्यांना ऐकायला दोन लाख माणसं लोटली, हे सांगताना बाई दर वेळी पेटीवरचा हात काढून घ्यायच्या.

माझं लक्ष मात्र अॅथॉल गायकडे. उभा डबल बास वाजवत तो सगळ्यांत खालचा आवाज लावायचा. तो वेगळा ऐकू यायला मला चार दिवस लागले. त्यानंतर दुसरं काही ऐकूच येईना.

त्यांचं आणखी एक पहिलं आलेलं गाणं रशियन लोकगीताच्या चालीवर होतं. बाई म्हणाल्या, "मग आपल्या जात्यावरच्या ओवीनं काय घोडं मारलंय?" संमेलनात आम्ही ओवीच गायलो, तीन आवाजांत. मुली वर, दोन मुलं मध्ये, खाली मी. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका पहिल्या कडव्याला गोंधळल्या, दुसऱ्याला गायला लागल्या. वडील काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी भजनात पखवाजाजवळची जागा दाखवून म्हणाले, "हयं बस."

बँकेतून निवृत्त झाल्यावर डोंबिवलीत आम्ही बाराजण जमतो. कोकणातल्या नमन-खेळ्यांची, कोळ्यांची गाणी तीन आवाजांत बसवतो. गेल्या गणपतीत पाच ठिकाणी बोलावणं होतं. नवीन माणूस आला की मी आधी पेटीवर सा-ग-प दाबतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये ज्युडिथ डरहॅम गेल्याची बातमी वाचली. सांगायला बाई नव्हत्या.

मागे शाळेत डोकावलो. कौलारू हॉल जाऊन स्लॅब आला आहे, प्रार्थना स्पीकरवर लागते. पोरं ओठ मिटून उभी असतात, ते बघवलं नाही. बाईंची पेटी ग्रंथालयातल्या कपाटावर होती, भाता फाटलेला, तीन पट्ट्या बसलेल्या. लाकूड अजून उत्तम आहे. महोत्सवाला येताना आमच्या पेटी दुरुस्त करणाऱ्यांना सोबत आणतो, खर्च माझा. पेटी तेवढी कुणीतरी खाली काढून, पुसून ठेवा.