गडावर दळतं कोण?

माझ्या कादंबरीतल्या किल्ल्याला सात दरवाजे होते, भिंतीत शापित आरसे होते आणि तळघरात आग ओकणारा सर्प होता. वेढा तीन वर्षं चालायचा. पहिली सहा प्रकरणं आईला वाचून दाखवली. ती लसूण सोलत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तीन वर्षं वर बसलेत, तर ती माणसं खातात काय गं? आणि दळतं कोण?"

मला रागच आला. जादूच्या गोष्टीत कुणी जातं शोधतं का?

आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो. गच्चीवर गेलं की अजिंक्यतारा, म्हणजे साताऱ्याचा किल्ला, समोरच. माझ्या किल्ल्याची चढण मी त्याच्यावरूनच उचलली होती, पण त्याच्या वेढ्याबद्दल शाळेतल्या दोन ओळींपलीकडे काही वाचलं नव्हतं. आईला खोटं पाडायचं म्हणून वाचायला घेतलं.

डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्याखाली येऊन बसला. वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. मला वाटलं, आता तोफांच्या गोष्टी असणार. त्या आहेतच. पण गडाला अन्नाची ददात पडू नये म्हणून मराठ्यांचे सरदार परशुराम त्रिंबक परळीवरून, म्हणजे आपल्या सज्जनगडावरून, रसद पाठवत होते. मोगलांच्या वेढ्यातून ती वर पोचायची कशी? मराठ्यांचा इतिहास लिहिणारा इंग्रज ग्रँट डफ सांगतो, बादशहाचा मुलगा आजमशहा यालाच वश करून घेतलं होतं. याच कामासाठी मी कादंबरीत भुयार खणलं होतं. दीड प्रकरण खर्ची घालून! इथं थैलीवर भागलं.

एप्रिल १७०० मध्ये सुरुंग उडाले. पहिल्यात प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत बाहेर निघाले. दुसऱ्यात कडा कोसळला तो खाली तयार उभ्या असलेल्या मोगलांवरच. डफचा आकडा दोन हजारांच्या वर आहे. हे मी लिहिलं असतं तर "फार फिल्मी" म्हणून मीच खोडलं असतं. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले होते, आणि शेवटी गड तहाने द्यावा लागला. बादशहाने त्याचं नाव ठेवलं आजमतारा. रसदीकडे काणाडोळा करणाऱ्याच शहजाद्याच्या नावाने! माझा खलनायक पहिल्या पानापासून काळे कपडे घालून दात खातो, त्याची मला लाजच वाटली.

मग किकलीला गेले, भैरवनाथाच्या देवळापाशी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, बघायला. वीरगळ खालून वर वाचायचा: खाली लढाई आणि मरण, मध्ये त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडलेला तो, माथ्यावर चंद्रसूर्य. सिंहासन कुठंच नाही. गाईगुरं सोडवताना पडलेल्याच्या दगडावर खाली गुरंसुद्धा कोरतात. माझा नायक वडिलांच्या मुकुटासाठी लढतो. गावाने त्याचा दगड कशासाठी उभा करावा, याचं उत्तर सहा प्रकरणांत मला सापडेना. गुरं आणून दिली असती तर गोष्ट वेगळी. उन्हात बराच वेळ त्या दगडांपुढे उकिडवी बसले होते, एक आजोबा येऊन विचारून गेले, "पोरी, काही हरवलंय का?"

आता भुयार गेलं. मुकुट अजून आहे, पण भांडण पाणवठ्याचं आणि गुरांचं केलंय. आरसे कुणाच्याच उपयोगाचे नव्हते, तेही काढले. सर्प मात्र ठेवलाय, माझा जीव आहे त्याच्यावर. फक्त आता त्याला रोज एक बकरं लागतं, आणि वेढ्याच्या चौथ्या महिन्यात गडावरची बकरी संपायला येतात.

परवा हे नवं प्रकरण आईला वाचून दाखवलं. या वेळी मेथी निवडत होती. जरा थांबून म्हणाली, "आणि तोवर त्या बकऱ्यांना वैरण?"