वसुली थांबली, निवृत्तिवेतन घटलं

जादा दिलेल्या पगाराच्या वसुलीविरुद्ध निवृत्त लिपिकांचे अर्ज मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, नवे नाहीत. निवृत्तीच्या तोंडावर सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जातं, आक्षेप निघतो आणि कार्यालय साधी नोटीसही न देता उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) कपातीचा आदेश काढतं.

माझ्या पक्षकार लिपिकाने वरिष्ठ लिपिकाची पदोन्नती नको असं लेखी दिलं होतं, कारण मुंबई सोडावी लागली असती. पदोन्नती नाकारणाऱ्याला कालबद्ध पदोन्नतीचा, म्हणजे त्याच पदावर ठरावीक वर्षांनी वरच्या वेतनश्रेणीचा, लाभ मिळत नाही. तरी आस्थापना शाखेने 12 वर्षांनंतर तो दिला. नकाराचं पत्र वैयक्तिक नस्तीत (फाईलमध्ये) पडून होतं. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी त्याच पथकाने तीच वेतननिश्चिती शिक्का मारून मान्यही केली होती!

अशी वसुली कधी करता येत नाही हे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा रफिक मसीह निकाल इथे चपखल बसतो: गट क, निवृत्त, 5 वर्षांहून जुनं जादा प्रदान. सरकारचा हुकमी पत्ता म्हणजे वचनपत्र. जादा रक्कम परत करीन असं लिहून दिलं असेल तर वसुली चालते, हा 2016 चा जगदेव सिंग निकाल. पण ते प्रकरण न्यायिक अधिकाऱ्याचं. शिवाय वचनपत्र कशासाठी दिलं होतं, हे बघायला हवं. आमच्या नस्तीतलं वचनपत्र 2009 च्या सुधारित वेतन नियमांच्या विकल्पासोबतचा छापील नमुना होता, आणि जादा रक्कम गेली होती लाभाच्या स्वतंत्र आदेशाने. त्या आदेशासोबतचं वचनपत्र दाखवा म्हटल्यावर सरकारची बाजू मांडणारे सादरकर्ता अधिकारी बराच वेळ नस्ती चाळत राहिले. नव्हतंच ते. वसुली रद्द झाली.

बाहेर पक्षकाराने विचारलं, “साहेब, म्हणजे पगार आधीचाच धरणार ना?” नाही. मसीह फक्त वसुली अडवतो, चुकीची वेतननिश्चिती सुधारण्याला त्याची आडकाठी नाही. निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मं. मूळ वेतन 1000 रुपयांनी उतरलं की दरमहा 500 गेले, त्यावरचा महागाई भत्ता वेगळा. लाभ काढून घेणं न्यायाधिकरणाने योग्य ठरवलं.

ते मला अजून पटलेलं नाही. नकाराचं ते पत्र कार्यालयाच्या इच्छुकता विचारणाऱ्या परिपत्रकाला दिलेलं उत्तर होतं. पदोन्नतीचा आदेश नस्तीत कुठेच नाही. चंद्रकुमार निकालानंतर, म्हणजे 1997 पासून, इथून पुढची वाट उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे जाते. त्या वर्षीची पदोन्नतीची निवडसूची माहिती अधिकारात मागवली आहे. तिच्यात याचं नावच नसेल, तर न मिळालेली पदोन्नती याने नाकारली कशी, हाच रिट याचिकेचा पहिला मुद्दा.