नॉम पेन्हचा डॉलर

कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हच्या सेंट्रल मार्केटमध्ये स्कार्फवाल्या बाईंनी माझी दहा डॉलरची नोट उजेडात धरली, कडेची बारीकशी चीर दाखवली आणि परत केली. फाटकी चालत नाही म्हणे. दुसरी दिली, ती घेतली. वरचे सुटे मिळाले रिएल या इथल्या चलनात, डॉलरला 4000 या सरळ हिशेबाने. भाजीवाल्यांकडे रिएल चालतो, पण हॉटेल, टुकटुक, तिकिटं सगळं डॉलरवर. एटीएमसुद्धा डॉलर देतं!

वाट फ्नॉम या बौद्ध मंदिराजवळच्या चलन-संग्रहालयात याची गोष्ट उलगडते. 1975 मध्ये सत्तेवर आलेल्या ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाने पैसाच रद्द केला आणि मध्यवर्ती बँकेची इमारत उडवून दिली. ती राजवट पडल्यावर 1980 मध्ये रिएल परतला. पुढे सोव्हिएत मदत आटली, सरकार नोटा छापत सुटलं, महागाई भडकली. लोक सोनं साठवू लागले. नेमक्या याच वेळी, 1992 मध्ये, यादवीनंतर शांतता राखायला आणि निवडणूक घ्यायला संयुक्त राष्ट्रांची मोहीम आली. सुमारे 22,000 माणसं, दीड अब्ज डॉलरच्या वर खर्च. घरभाडी, ड्रायव्हर, दुभाषे, खानावळी, सगळ्यांचे पैसे डॉलरमध्ये. रिएलवर आधीच कुणाचा भरवसा नव्हता; मग तो हातात ठेवायचा कशाला?

मोहिमेचं श्रेय नाकारायचं नाही. थायलंडच्या सीमेवरचे साडेतीन लाखांहून अधिक निर्वासित तिने घरी आणले. मे 1993 च्या निवडणुकीत नव्वद टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, तेही ख्मेर रूजच्या धमक्यांना न जुमानता. पण जिंकला राजपुत्र रणरिद्ध यांचा पक्ष आणि फौज, पोलीस, कचेऱ्या राहिल्या आधीचे पंतप्रधान हुन सेन यांच्याकडे. त्यांनी हार मानली नाही, म्हणून दोन पंतप्रधान नेमायची तडजोड झाली. 1993 मध्येच मोहिमेने गाशा गुंडाळला. 1997 मध्ये हुन सेन यांनी बळाने रणरिद्धना हटवलं. 2023 मध्ये खुर्ची मुलाला दिली. जी निवडणूक रुजवायला एवढा खटाटोप केला ती पोकळ झाली, आणि जो डॉलर रुजवायचं कुणाच्या मनातही नव्हतं तो ठाण मांडून बसला. माझ्या मते चूक घाईत होती: शस्त्रं कुणाकडे आहेत हे न मिटवता मतपेट्या मांडल्या.

डॉलर छापता येत नसल्याने इथल्या मध्यवर्ती बँकेचे हात बांधलेले आहेत. रिएल वाढावा म्हणून 2020 मध्ये तिने बाकोंग ही डिजिटल व्यवस्था आणली. दुकानोदुकानी क्यूआर कोड दिसतात. त्याच सरकारने 2024 साठी कपड्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांचं किमान मासिक वेतन जाहीर केलं, ते मात्र 204 डॉलर.