वांद्र्याचा किल्ला तीनदा समुद्रात

मंडळी, मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की मुंबई आणि आसपासच्या किल्ल्यांची यादी एक्सेलमध्ये तयार आहे, आता नकाशा म्हणजे एका क्लिकचं काम. त्याला तीन आठवडे झाले.

पहिल्या दोन संध्याकाळी चुकीच्या दारात उभं राहण्यात गेल्या. एक्सेलचा मॅप चार्ट देश, राज्य, जिल्हा, पिनकोड असे प्रदेश रंगवतो. त्याला ठिपका मांडता येत नाही, अक्षांश-रेखांश दिले तरी उपयोग नाही. मला अख्खा उपनगर जिल्हा निळा करून मिळाला. ठिपक्यांसाठी इन्सर्टमधला थ्रीडी मॅप घ्यायचा. तो फक्त विंडोजवर चालतो आणि नकाशा बिंगवरून आणतो, म्हणून इंटरनेट हवं.

तिथे आधी नुसती नावं दिली. शीवचा किल्ला इंग्रजीत 'सायन' म्हणून टाकला आणि तो स्वित्झर्लंडला गेला! तिथे त्याच स्पेलिंगचं गाव आहे आणि गंमत म्हणजे त्या गावातही दोन टेकड्यांवर जुनी तटबंदी उभी आहे. क्षणभर वाटलं, असू दे. पण आपली शीव म्हणजे वेस, ती इतकी लांब कशी नेणार? राज्य आणि देश असे दोन कॉलम वाढवून ते थ्रीडी मॅपच्या 'लोकेशन' या चौकटीत जोडले, तेव्हा ती परत आली. त्याच फटक्यात चेन्नईला गेलेला मुंबईचा सेंट जॉर्ज किल्लाही घरी आला.

पण धारावीला हा उपाय चालत नाही. एक धारावी १७३७ चा शिलालेख असलेल्या काळ्या किल्ल्याची, बेस्टच्या काळा किल्ला आगाराजवळची. दुसरा धारावीचा किल्ला भाईंदरपलीकडे उत्तनच्या बाजूला. माहीमचंही तेच, एक इथलं आणि एक केळव्याशेजारचं. राज्य एक, देश एक, नाव एक. लोकेशनच्या चौकटीवर एक टक्केवारी दिसते. तिच्यावर क्लिक केलं की कोणत्या नावांबद्दल एक्सेललाच खात्री नाही ते कळतं. मी आठवडाभर ती शोभेची समजत होतो. तुम्ही पहिल्या दिवशीच उघडा.

म्हणून शेवटी नावं सोडली आणि अक्षांश-रेखांशावर आलो. इथून वांद्र्याच्या किल्ल्याचे हाल सुरू झाले.

पहिल्यांदा तो नॉर्वेच्या उत्तरेला थेट आर्क्टिकच्या पाण्यात सापडला. दोन कॉलम उलटे जोडले होते. मुंबईचा अक्षांश साधारण १९ आणि रेखांश ७२.८. उलटं केलं की ७२.८ उत्तर होतं. सगळे किल्ले तिकडे एकाच घोळक्यात दिसले तर दुसरं कारण शोधू नका.

दुसऱ्यांदा तो अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटर आत. माझ्या जुन्या वहीत नोंद अंश-मिनिट-सेकंदांत आहे: १९ अंश २ मिनिटं ३० सेकंद उत्तर, ७२ अंश ४९ मिनिटं ७ सेकंद पूर्व. मी शहाण्यासारखं १९.०२३० आणि ७२.४९०७ टाइप केलं. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवायचं असतं, मग १९.०४१७ आणि ७२.८१८६ येतात. शाळेत हे शिकवलं होतं, बाईंचा काही दोष नाही.

तिसरा घोळ सगळ्यात हलकट. ठिपका बरोबर बसला होता. घरच्या लॅपटॉपवर नेण्यासाठी फाइल सीएसव्ही (नुसत्या मजकुराची साधी फाइल) करून सेव्ह केली आणि किल्ला माहीमच्या खाडीत! कारण सेलमध्ये दोनच दशांश दिसतील असं फॉरमॅट होतं आणि सीएसव्हीत जे दिसतं तेवढंच जातं. १९.०४ आणि ७२.८२ उरले. अंशाचा शंभरावा भाग म्हणजे जवळजवळ १.१ किलोमीटर, त्यामुळे टोकावरचा किल्ला घसरणारच. आता दोन्ही कॉलम चार दशांशांचे केलेत, म्हणजे चूक दहा-बारा मीटरच्या आत राहते. १६४० साली पोर्तुगिजांनी बांधलेल्या किल्ल्याला मी तीन आठवड्यांत तीनदा बुडवलं.

एक किरकोळ: काही ठिपके येतच नव्हते. वेबपेजवरून कॉपी केलेल्या आकड्यांना न दिसणारी स्पेस चिकटलेली होती. आकडा सेलच्या डाव्या कडेला चिकटला की समजा तो मजकूर आहे. ट्रिम फंक्शनने ही स्पेस जात नाही. सबस्टिट्यूट फंक्शनमध्ये १६० क्रमांकाचं कॅरॅक्टर (म्हणजे हीच स्पेस) देऊन ती काढावी लागते, मग व्हॅल्यू फंक्शन लावून मजकुराचा आकडा करायचा.

मॅकवाल्यांसाठी भाचीने साधा स्कॅटर चार्ट करून पाहिला, आडव्या अक्षावर रेखांश आणि उभ्यावर अक्षांश. मुंबई चपटी दिसत होती. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारे १०५ किलोमीटर, अक्षांशाचा १११. त्या हिशोबाने चौकट उभट ओढली तेव्हा मुंबई ओळखीची झाली. मागे नकाशा नसला तरी मला ते चित्र थ्रीडीपेक्षा जास्त आवडलं, हे तिला सांगितलेलं नाही.

राहता राहिला माझगाव. तो किल्लाच उरलेला नाही, टेकडीवर बाग आहे. ठिपका कुठे द्यायचा ते ठरेना म्हणून सेल कोरी ठेवली. पण नकाशाची शीट मूळ शीटवरून आकडे खेचते आणि खेचलेली कोरी सेल शून्य होऊन येते. शून्य-शून्य म्हणजे गिनीचं आखात. रविवारी फोन घेऊन बागेत जाईन. तोवर माझगावचा किल्ला आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या समुद्रात मिळेल.