एका डॉलरची क्रेन

जूनमध्ये आई-बाबा कोथरूडहून आमच्याकडे स्वीडनमधल्या माल्मोला आले होते. इथे पाहुणे आले की दाखवायची जागा ठरलेली: वेस्त्रा हामनेन, म्हणजे पश्चिम बंदर. समुद्रात भराव टाकून केलेली जमीन. आधी तिथे गोदी होती, आता घरं आणि ऑफिसं आहेत.

मी गाईडच्या थाटात सुरुवात केली. 2001 मध्ये इथे घरबांधणीचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथून या भागाचं रूप पालटलं. पावसाचं पाणी गटारात गडप न होता उघड्या चरांतून, छोट्या तळ्यांतून वाहत समुद्राला मिळतं. किनाऱ्याकडच्या इमारती उंच, आतली घरं बुटकी आणि गल्ल्या वाकड्यातिकड्या, कारण समुद्रावरून येणारा वारा नुसता कापत सुटतो. गल्ल्या बघून आई म्हणाली, "आपल्या पेठांमध्ये हे आर्किटेक्टशिवाय जमलंय." मग तो प्रसिद्ध पिळदार टॉवर, टर्निंग टॉर्सो. सांतियागो कालात्रावाने केलेला, 190 मीटर उंच, 54 मजली; तळापासून टोकापर्यंत 90 अंश वळलेला. आईने वर बघितलं आणि विचारलं, "वरच्या लोकांचे पडदे कोण शिवतं?"

बाबा गप्प होते. पिंपरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस. त्यांना तयार वस्तूपेक्षा ती कशी झाली यात रस. "गोदी होती म्हणालास ना? मग क्रेन कुठाय?"

आणि इथे माझी खरी गोष्ट सुरू झाली.

कोकुम्स ही इथली गोदी एके काळी जगातल्या मोठ्या गोद्यांपैकी एक. सत्तरच्या दशकात तिने 138 मीटर उंचीची गॅन्ट्री क्रेन (पायांवर उभी, वर आडवी तुळई असलेली) उभी केली, 1500 टन उचलणारी. गावात कुठूनही ती दिसायची. पण जहाजांचा धंदा बसला, आशियातल्या गोद्या पुढे गेल्या आणि 1986 मध्ये इथे व्यापारी जहाजं बांधणं थांबवायचं ठरलं. मग त्याच जागेवर साबचा मोटारींचा कारखाना आला, तोही दोन-तीन वर्षांतच बंद पडला. क्रेन मात्र उभीच. शेवटी 2002 मध्ये ती सुटी करून जहाजावर चढवली आणि दक्षिण कोरियात उल्सानला ह्युंदाईच्या गोदीत नेली. किंमत 1 डॉलर. सोडवून न्यायचा खर्च घेणाऱ्याचा.

"एक डॉलर?" बाबा जागेवरच थांबले. "अरे, आमच्याकडे भंगाराचासुद्धा लिलाव व्हायचा! बोली लागायची!"

क्रेन निघाली तेव्हा माल्मोकर बघायला जमले होते आणि काहींच्या डोळ्यांत पाणी आलं, असं सांगतात. तिकडे कोरियात तिला नावच पडलंय 'माल्मोचे अश्रू'. हे ऐकून बाबा पुन्हा गप्प. मला वाटलं, कंटाळले.

परत येताना जुन्या स्लिपवेवरून आलो. जहाज बांधून झालं की ज्या उतारावरून पाण्यात सोडायचे, ती जागा. आता तिथे पोरांचा स्केटबोर्डचा पार्क आहे. गुडघे फुटलेली दहा-बारा वर्षांची मुलं काँक्रीटच्या खळग्यांतून सूं करून वर येत होती. बाबा कठड्यापाशी वाकले, तळहात काँक्रीटवर ठेवून बराच वेळ तसेच राहिले. "लोड घेतलेली जमीन आहे ही," एवढंच म्हणाले. मला त्यातलं काही कळत नाही, पण त्या क्षणी बाबा म्हणतील ते मी कबूल केलं असतं.

संध्याकाळी साडेनऊलासुद्धा लख्ख ऊन होतं. लाकडी पायऱ्यांवरून लोक थेट समुद्रात उड्या मारत होते. आईने एकदा पाण्यात पाय बुडवला आणि लगेच मोजे चढवले. पलीकडे डेन्मार्कला जाणारा पूल दिसत होता. मी सगळ्यांचे फोटो काढले. बाबांनी एकच काढला.

परवा व्हिडिओ कॉलवर आई तक्रार करत होती. वेताळ टेकडीवरच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपला बाबा तोच एक फोटो दाखवत फिरतात. टॉवर नाही, पूल नाही, मी नाही. नुसतं आभाळ. "म्हणतात, इथे होती. कुलकर्णींनी विचारलं, इथे म्हणजे कुठे? तर बोटांनी झूम करून दाखवतात!"