‘इन्फ्लॅमेबल’ आणि छपाईला निघालेले लेबल

रसायनांच्या सुरक्षापत्रकांची आणि लेबलांची भाषांतरे अखेरची तपासून छपाईला सोडणे, हे माझे काम आहे. एका दुपारी टोल्यूइन या द्रवरूप रसायनाच्या पिंपांवर लावायचे लेबल माझ्यासमोर आले. त्यावर लाल चौकटीत ज्वालेचे चिन्ह होते आणि नेमके त्याच्याच खाली ठळक अक्षरांत ‘अज्वलनशील द्रव’ असे लिहिलेले होते. टोल्यूइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या किमान तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान, सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे नेहमीच्या तापमानालाही त्याची वाफ एका ठिणगीने पेट घेऊ शकते. ज्या कामगारांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांच्यासाठी केलेला मजकूरच त्यांना निर्धास्त करणार होता, हे लक्षात येताच मी छपाई थांबवली.

मूळ इंग्रजी मजकूर पाहिल्यावर कारण उलगडले. सुरक्षापत्रकात ‘फ्लॅमेबल’ हा शब्द होता, तर जुन्या कागदांतून उचललेल्या लेबलात ‘इन्फ्लॅमेबल’. पहिल्याचे भाषांतर सहकाऱ्याने ‘ज्वलनशील’ असे अचूक केले होते आणि म्हणूनच दुसरा शब्द त्याच्या उलट अर्थाचा असणार, असे त्याने धरले. ‘करेक्ट’चे ‘इन्करेक्ट’ होते हे शाळेत शिकलेल्या कोणालाही तसेच वाटेल. माझ्या मते खरा दोष एकाच गोष्टीला दोन नावे देणाऱ्या मूळ मजकुराचा होता.

लॅटिनमधून इंग्रजीत आलेले ‘इन’ हे उपसर्ग दोन आहेत. एक नकार दाखवतो, दुसरा ‘आत’ किंवा ‘कडे’ असा अर्थ देतो, आणि दोन्ही दिसायला सारखेच असतात. ‘पी’पूर्वी दोघांचेही ‘इम’ होते, म्हणून ‘इम्पॉसिबल’मध्ये नकार आहे, पण ‘इम्पोर्ट’मध्ये नाही. ‘इन्फ्लॅमेबल’ हा शब्द पेटवणे या अर्थाच्या क्रियापदाच्या घराण्यातला आहे. त्याचा अर्थ ‘पेट घेणारे’ असाच होतो. ‘फ्लॅमेबल’ हा त्याच अर्थाचा, पण नंतर रुळलेला शब्द. न पेटणाऱ्या पदार्थाला ‘नॉनफ्लॅमेबल’ म्हणतात. या गोंधळाचा धोका ओळखून अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकातच ‘फ्लॅमेबल’चा आग्रह धरला होता, आणि रसायनांच्या लेबलांसाठी संयुक्त राष्ट्रांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक पद्धतीतही तोच शब्द आहे.

लेबल पाठवणाऱ्या कंपनीच्या तांत्रिक अधिकाऱ्यांना मी फोन केला, तेव्हा ते म्हणाले, “अहो, हा शब्द शब्दकोशात आहे. मग चूक कसली?” त्यांचे म्हणणे खरे होते आणि ललित लेखनात मी या शब्दाला कधीच हरकत घेणार नाही. परंतु पिंपावरचा शब्द व्याकरणाने शुद्ध असून भागत नाही; घाईत, अर्धवट उजेडात वाचणाऱ्यालाही त्यातून उलटा अर्थ काढता येता कामा नये, असे मी त्यांना आग्रहाने सांगितले. बऱ्याच चर्चेनंतर त्यांनी मूळ इंग्रजीतही ‘फ्लॅमेबल’ करण्याचे मान्य केले. मराठीत आम्ही ‘ज्वलनशील’ या एका शब्दावर न थांबता ‘लगेच पेट घेणारा द्रव व वाफ; ठिणगी आणि ज्योत यांपासून दूर ठेवा’ असे लिहिले.

त्यानंतर त्या कंपनीच्या सर्व जुन्या फायली आम्ही शोधून तपासल्या. ‘इन्फ्लॅमेबल’ या शब्दात ‘एम’ दोनदा येतो, पण ‘फ्लेम’मध्ये एकदाच असल्यामुळे अनेक जण तो एकाच ‘एम’ने लिहितात, म्हणून दोन्ही स्पेलिंगांनी शोध घ्यावा लागला.