आधी नोंद, मग सॉफ्टवेअर : आमची वाटचाल

ग्रंथपालांना आणि ग्रंथालय कर्मचाऱ्यांना संगणकावरचे काम शिकवणे हा आमच्या छोट्या फर्मचा व्यवसाय. आमचा पहिला अभ्यासक्रम पाच दिवसांचा होता आणि पाचही दिवस ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचे होते: इन्स्टॉलेशन, सभासद नोंदणी, तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी करणे), देवघेव, अहवाल. आज तो बारा दिवसांचा आहे आणि सॉफ्टवेअर उघडते सातव्या दिवशी. मधल्या काळात काय बदलले आणि का, ते इथे लिहितो आहोत. शिकायला येणाऱ्यांना ते आधीच माहीत असलेले बरे, आणि जे स्वतःच हे काम करायला बसले आहेत त्यांच्याही काही चुका टळतील.

कारण एकच होते. शिकून गेलेल्यांच्या शंका बटणांविषयी फारशा नसत. 'पुस्तक कपाटात आहे, पण शोधले तर सापडत नाही', अशा असत. कुठले बटण कुठे आहे ते आठवड्याभरात हाताला कळते. पुस्तक न सापडण्याचे कारण मात्र बहुतेक वेळा नोंदीत दडलेले असते, आणि सदोष नोंदी हजारोंनी साठल्या की त्या दुरुस्त करणे हे नव्याने भरण्यापेक्षा अवघड काम होते.

म्हणून पहिले दोन दिवस संगणक बंद. समोर पुस्तक, हातात कागद आणि पेन्सिल. मार्क नोंद, म्हणजे ठरावीक आकडी टॅगांत भरलेली पुस्तकाची माहिती, हाताने लिहायची: ०२० या टॅगमध्ये आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), ०८२ मध्ये वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक), १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये शीर्षक, २५० मध्ये आवृत्ती, २६४ मध्ये प्रकाशन, ३०० मध्ये पृष्ठसंख्या, ६५० मध्ये विषय, ७०० मध्ये अनुवादक किंवा सहलेखक. माहिती मुखपृष्ठावरून घ्यायची नाही, आतल्या शीर्षकपृष्ठावरून घ्यायची; दोन्हींत फरक असतो हे दहा पुस्तके चाळली तरी दिसते. मार्कची आखणी १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हराम यांच्या नेतृत्वाखाली झाली. तालिकापत्रावरचा मजकूर यंत्राला वाचता यावा, हा तिचा हेतू. तो समजला की टॅग पाठ करावे लागत नाहीत. पत्रावर डोळ्यांना जागेवरून कळायचे की हा लेखक आणि हे शीर्षक. यंत्राला ते आकड्याने सांगावे लागते, एवढेच.

याच टप्प्यावर आम्ही २४५ च्या दुसऱ्या इंडिकेटरवर बराच वेळ घालवतो. शीर्षकाच्या सुरुवातीची किती अक्षरे अनुक्रम लावताना सोडायची, ते हा आकडा सांगतो. इंग्रजी शीर्षक 'द' या उपपदाने सुरू झाले तर त्याची तीन अक्षरे आणि एक मोकळी जागा मिळून ४. इंग्रजी पुस्तकाची नोंद नमुना म्हणून कॉपी करून त्यात मराठी पुस्तक भरले आणि हा ४ तसाच राहिला, तर मराठी शीर्षकाची पहिली चार चिन्हे वगळून क्रम लागतो आणि पुस्तक यादीत भलत्याच ठिकाणी जाऊन बसते. मराठी शीर्षकाला तिथे ० हवा. ००८ या चाळीस स्थानांच्या टॅगचेही असेच. त्यात ३५ ते ३७ ही स्थाने भाषेच्या संकेताची. ती कॉपी करताना बदलली नाहीत तर मराठी पुस्तके 'इंग्रजी' या गाळणीत दिसतात, आणि मराठी निवडणाऱ्या वाचकाला ती दिसतच नाहीत.

जुन्या पुस्तकांवर शके असते. शके १८९० म्हणजे इ. स. १९६८-६९: साधारणपणे ७८ मिळवायचे, जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या काळासाठी ७९. महिना छापलेला नसेल तर अंदाजाने एक वर्ष ठोकून देऊ नये. २६४ मध्ये शके जसेच्या तसे उतरवावे, पुढे चौकटी कंसात '१९६८ किंवा १९६९' लिहावे, आणि ००८ मध्ये तारखेचा प्रकार 'क्यू' ठेवून दोन्ही वर्षे द्यावीत. नुसते १८९० भरले, तर साठच्या दशकातले पुस्तक एकोणिसाव्या शतकात जाते.

तिसऱ्या दिवशी दाखल नोंदवही (ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांची क्रमवार वही) स्प्रेडशीटमध्ये उतरवायला घेतो. वरवर हे टायपिंगचे काम वाटते, पण सर्वांत जास्त माहिती इथेच बिघडते. रकान्याचा प्रकार आधी 'टेक्स्ट' करून घेतला नाही तर दाखल क्रमांक ००४५७ चा ४५७ होतो. बारकोडवर ००४५७ छापलेले असते आणि स्कॅनरला पुस्तक सापडत नाही. तेरा अंकी आयएसबीएन पडद्यावर ९.७८ई+१२ असा आखडतो. त्याच अवस्थेत फाइल सीएसव्ही (नुसता मजकूर, स्वल्पविरामांनी वेगळे केलेले रकाने) म्हणून जतन केली की उरलेले अंक गेले, ते पुन्हा उघडून परत येत नाहीत. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन तेरा अंकी झाला. त्याआधीच्या दहा अंकी क्रमांकाला पुढे ९७८ लावून शेवटचा अंक तसाच ठेवणे ही हमखास होणारी चूक, कारण हा तपासणी अंक (बाकीच्या अंकांवरून काढलेला, चूक पकडण्यासाठीचा) नव्या पद्धतीने पुन्हा काढावा लागतो. ०३०६४०६१५२ चे ९७८०३०६४०६१५७ होते: शेवटी २ होता, तिथे ७ आला. पहिले बारा अंक आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचे, बेरीज करायची (इथे ९३), आणि पुढच्या दहाच्या पटीला जितके कमी पडतात तो अंक लिहायचा. प्रत्येकाने हे एकदा हाताने करून पाहावे, असा आमचा आग्रह असतो.

आणखी एक गोष्ट. दाखल नोंदवहीत प्रत्येक प्रतीला एक ओळ असते. ती फाइल सरळ ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये आयात केली की पाच प्रतींच्या पाच स्वतंत्र नोंदी तयार होतात आणि वाचकाला एकच पुस्तक पाचदा दिसते. एक नोंद आणि तिच्याखाली पाच प्रती, असे हवे. त्यासाठी आयातीआधी शीर्षक, लेखक, आवृत्ती आणि वर्ष यांवर ओळी जुळवून घ्याव्या लागतात. वेगळी आवृत्ती म्हणजे वेगळी नोंद, आणि नुसते पुनर्मुद्रण असेल तर सहसा तीच, हा निर्णय माणसानेच घ्यायचा असतो.

आमच्या अभ्यासक्रमातला सर्वांत मोठा भाग आता देवनागरीचा आहे. जुन्या, युनिकोडपूर्व (युनिकोड ही सगळ्या लिप्यांसाठीची आजची संकेतपद्धती) फाँटमध्ये टाइप केलेल्या याद्या अनेक ग्रंथालयांत आहेत. त्या फाँटमध्ये अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असत: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: वेलांटी व्यंजनानंतर, रफाराचा र् आधी. त्यामुळे कन्व्हर्टर कितीही चांगला असला तरी वेलांट्या आणि रफार हीच चुकण्याची ठिकाणे. रूपांतरानंतर पहिली तपासणी अशी: मोकळ्या जागेला लागून सुट्टी वेलांटी कुठे आहे का ते शोधायचे. पडद्यावर ठिपक्यांचे वर्तुळ दिसले, तर तिथे व्यंजनाशिवाय स्वरचिन्ह उरले आहे.

याहून फसवा प्रकार म्हणजे दिसायला सारखी आणि आतून वेगळी अक्षरे. 'दऱ्या'मधला अर्धा ऱ दोन रीतींनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा शून्य-रुंदी जोडक. पडद्यावर दोन्ही एकच. शोधयंत्राला हे दोन वेगळे शब्द. 'ॲ'चेही तेच: एकसंध चिन्ह आहे, आणि अ वर चंद्र देऊनही ते बनते. शिवाय ग्रंथ आणि ग्रन्थ. आद्याक्षरांनंतर टिंब, टिंब आणि मोकळी जागा, किंवा काहीच नाही. हे सगळे एकाच लेखकाच्या नावात एकवटले की एका माणसाचे पाच लेखक होतात. उपाय दोन. पहिला, ओपनरिफाइन या माहिती साफ करण्याच्या साधनात लेखकाच्या रकान्यावर टेक्स्ट फॅसेट (वेगवेगळ्या रूपांची यादी) लावून एकेक रूप डोळ्यांखालून घालायचे आणि एकच रूप ठरवायचे. दुसरा, ते ठरलेले रूप प्राधिकृत नोंदीत ठेवून नवी नोंद तिच्याशी जोडायची, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तीच साफसफाई करावी लागत नाही. कंटाळवाणे काम आहे, पण याइतका फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही, असे आमचे ठाम मत आहे.

मग कोहा, म्हणजे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी १९९९ मध्ये ते लिहिले गेले, कारण त्यांची आधीची प्रणाली २००० साली चालणार नव्हती. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. परवाना शुल्क नाही, म्हणून खर्च नाही असा समज करून घेऊ नये. सर्व्हर, बॅकअप आणि ते सांभाळणारा माणूस लागतोच. आयात करताना आम्ही पहिली तुकडी पन्नास नोंदींची ठेवतो. एन्कोडिंग यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) निवडले आहे का, लीडरच्या (मार्क नोंदीच्या सुरुवातीच्या भागाच्या) ०९ व्या स्थानावर 'ए' आहे का (नसेल तर नोंद युनिकोडमध्ये नाही, असा अर्थ लावला जातो), प्रतीच्या ९५२ या टॅगमध्ये बारकोड आणि बोधांक (कपाटातली जागा सांगणारा क्रमांक) बरोबर जागी गेले का, हे पाहायचे. कोहात आयात मागे घेता येते, मात्र ते देवघेव सुरू होण्याआधीच करावे. आणि कोहासोबत झेब्रा हे शोधयंत्र वापरत असाल तर शोधसूची आयसीयू (अनेक लिप्या हाताळणाऱ्या) पद्धतीने बांधलेली असावी. मूळ मांडणी रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे; ती तशीच राहिली तर नोंदी निर्दोष असूनही देवनागरी शोध नीट लागत नाही.

बारकोडबद्दल थोडक्यात. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद करून मोजमाप १०० टक्के ठेवायचे, नाहीतर लेबले दर ओळीला थोडी थोडी सरकत जातात आणि शेवटच्या ओळीत रेघा कापल्या जातात. पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा हवी, ती सुंदर दिसण्यासाठी नसून स्कॅनरसाठी आहे. आरएफआयडी (रेडिओलहरींनी वाचल्या जाणाऱ्या टॅगांचे तंत्र) आम्ही अर्ध्या दिवसात उरकतो. पातळ पुस्तकांत टॅग नेमके एकावर एक आले की वाचले जात नाहीत, म्हणून ते वेगवेगळ्या उंचीवर लावावेत. मुखपृष्ठावर धातूचा वर्ख असेल तर त्यामागे लावू नयेत.

स्कॅनिंगचा भाग नंतर वाढवला, कारण लोक सुट्टीतल्या फोटोसारखी पाने काढून आणत. ए४ पान ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० ठिपके), २४ बिट रंगात, संक्षेप न करता टिफ केले तर २४८० गुणिले ३५०८ गुणिले ३, म्हणजे सुमारे २६ एमबी. दोनशे पानांचे पुस्तक ५ जीबीच्या पुढे. ६०० डीपीआय केले की चौपट. हा हिशेब आधी मांडून मग डिस्क घ्यायची. छापील मजकुराला ३०० पुरते, बारीक टाइपाला ४००. कोरी पानेसुद्धा स्कॅन करायची, नाहीतर वर्षभराने पान हरवले की मुळातच कोरे होते ते कळत नाही. फाइलची नावे ०००१ पासून, कारण १, २ असे आकडे दिले की बऱ्याच प्रणालींत १० हे २ च्या आधी येते. टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरने मराठी ओसीआर (चित्रातल्या अक्षरांचा मजकूर करणे) होते, पण ९९ टक्के अचूक म्हणजे दोन हजार अक्षरांच्या पानावर वीस चुका, हे वाचकाला सांगून ठेवावे. स्कॅन केले म्हणजे प्रसिद्ध करण्याचा हक्क मिळाला असे होत नाही. स्वामित्वहक्काची स्थिती आधी नोंदवायची, फाइल मग चढवायची.

डिजिटल संग्रहासाठी डीस्पेस हे सॉफ्टवेअर शिकवतो. त्यातली माहिती डब्लिन कोअर या वर्णनपद्धतीच्या घटकांत भरायची असते; आज पंधरा असलेल्या या घटकांची सुरुवात १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील डब्लिन गावी भरलेल्या कार्यशाळेतून झाली. घटक सोपे दिसतात, म्हणून निष्काळजीपणे भरले जातात. ०३/०४/२०१९ म्हणजे मार्च की एप्रिल? २०१९-०४-०३ असेच लिहायचे. दुसरे संग्रह आपल्या नोंदी आपोआप उचलून नेतात, त्यामुळे इथली चूक इथेच राहत नाही. प्रत्येक फाइलचा शा-२५६ चेकसम (फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा) चढवतानाच काढून ठेवायचा आणि ठरावीक काळाने पुन्हा ताडून पाहायचा. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत. अकराव्या दिवशी प्रत्येक गटाला कोरे यंत्र आणि बॅकअपची फाइल देतो: त्यातून तालिका उभी करा. डेटाबेस असतो पण मांडणीच्या (सेटिंगच्या) फाइली घेतलेल्या नसतात, ही सर्वांत जास्त सापडणारी उणीव.

शेवटचा दिवस संदर्भसेवेचा, आणि त्यात आता भाषा-मॉडेलही (प्रश्नांना मजकुरातून उत्तरे देणारी एआय साधने) आले. विचारल्यावर ती वर्गांक, विषयशीर्षके, संदर्भयादी झटक्यात देतात, आणि त्यातले काही अस्तित्वातच नसते. आयएसबीएनचा तपासणी अंक जुळला म्हणून विसंबू नये. मनाने रचलेल्या तेरा अंकांतही दहात एकदा तो योगायोगाने जुळतो. डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) उघडून पाहायचा, आणि उघडलेल्या पानावरचे शीर्षक, लेखक, वर्ष हातातल्या संदर्भाशी ताडायचे. डीओआय खरा, पण लेख वेगळाच, असेही होते. वाचकाचे नाव, क्रमांक किंवा त्याने नेलेल्या पुस्तकांची यादी अशा सेवेत टाकायची नाही, हा नियम आम्ही पहिल्या दिवशी सांगतो आणि बाराव्या दिवशी पुन्हा सांगतो.

येताना प्रत्येकाने आपल्या दाखल नोंदवहीतल्या शंभर ओळी आणाव्यात: तीस सर्वांत जुन्या वहीतल्या, चाळीस मधल्या, तीस अलीकडच्या. सभासदांची माहिती त्यात नसावी. आणि आणण्याआधी काहीही दुरुस्त करू नये. खाडाखोड, अपुरी नावे, 'वरीलप्रमाणे' लिहिलेले रकाने, सगळे जसे आहे तसे हवे. तिसऱ्यापासून सहाव्या दिवसापर्यंत काम याच ओळींवर चालते.